गठ्ठ्यातलं मत

वाऱ्यानं मेथीवरच्या टनेलचं प्लास्टिक उसवलं त्याच सकाळी अंबरीश माझ्या रानात आला. इथला वारा काय चीज आहे ते त्याला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं, कारण तो त्या वाऱ्यात फक्त गाडीपासून ऑफिसच्या दारापर्यंत असतो. मी गुडघ्यानं प्लास्टिकची कड दाबून धरली होती, हातानं चिकणमातीची ढेकळं त्यावर ओढत होते आणि तोंडात क्लिपा होत्या. आत मेथी कोवळी होती. गार वारा लागला असता तर पिवळी पडली असती.

"वहिनी, बिझी आहात का?" त्यानं विचारलं.

आता काय बोलावं ह्या माणसाला! मी क्लिपा तोंडातून काढल्या. "छे हो, निवांत बसलेय. ते टोक धरा की जरा."

त्यानं दोन बोटांनी धरलं. वाऱ्यानं हिसका दिला, टोक सुटलं आणि त्याच्या जाकिटावर चिखल उडाला. मग तो बाजूला सरकून रुमालानं जाकीट पुसत उभा राहिला आणि मीच परत धावले.

हे रान म्हणजे नीउ-व्हेनेपच्या पलीकडे, वेस्टरवेन गावाच्या शिवेवरचा एक लांबट पट्टा. पूर्वी इथं सगळं तळं होतं, ते उपसून ह्या लोकांनी जमीन काढली. माती काळी, चिवट, फावड्याला चिकटली की सुटत नाही. मालक योप, ऐंशीच्या घरातला म्हातारा, बटाटा आणि बीट करतो. त्यातला हा पट्टा त्यानं मला खंडानं दिलाय. मी त्यात मेथी, अंबाडी, गवार, मिरची काढते आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या बायकांना विकते. माझा नवरा राजानंद आयटीत, त्याच्या नोकरीवर आम्ही इथं आलो. मी निफाडकडची. आई जन्मभर दुसऱ्याच्या कांद्यात आणि द्राक्षबागेत वाकली, तिच्या आधीच्याही सगळ्या वाकल्या. आमच्या घरात कुणाच्या वाट्याला वावर म्हणून कधी आलं नाही. इथं काय पेरायचं ते मी ठरवते, कधी काढायचं ते मी ठरवते. खंडाची का असेना, माझी जमीन आहे ती. तिच्यावर माझा जीव आहे आणि ते सांगायला मला कसली लाज वाटत नाही.

त्या वसंतात गावात कसिनोचं भांडण पेटलं होतं. एका कंपनीला हमरस्त्याच्या कडेला कसिनो आणि हॉटेल बांधायचं होतं, आणि त्यासाठी योपची जमीन हवी होती, माझ्या पट्ट्यासकट. परवानगी द्यायची का नाही ह्यावर खेमेंतेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, सार्वमत ठेवलं. इथली माणसं खिडक्यांचे पडदे ओढत नाहीत, त्यामुळे कोण कुठल्या बाजूचं ते लपत नव्हतं. खिडकीत हिरवी पाटी 'या', म्हणजे हो. नारिंगी पाटी 'नेय', म्हणजे नको. हो-वाले म्हणायचे, गावाला नोकऱ्या मिळतील, पोहण्याचा तलाव मिळेल. नको-वाले म्हणायचे, संसार जुगारात बुडतील. बेकरीच्या रांगेत सख्खे शेजारी एकमेकांकडे पाठ करून उभे राहायला लागले.

योपनं मला तोंडावर सांगितलं होतं. "सुमती, हो आलं तर मी विकणार. माझी मुलं शेती करणार नाहीत. नको आलं तर तू कसत राहा." त्याच्या खिडकीत कुठलीच पाटी नव्हती. माणूस सरळ, त्यामुळे त्याचा रागही धरता येईना.

तर अंबरीश. हा आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आणि वर राजानंदचा ऑफिसातला साहेब.

"मतदानाचा पास आला असेल ना घरी?" तो म्हणाला. "त्याच्या मागे सही करा आणि मला द्या. सगळ्यांचे गोळा करतोय. इथं दुसऱ्याचं मत टाकता येतं, कायदेशीर आहे. कमिटीतले लोक जातील, टाकून येतील. तुम्हाला रांगेत उभं राहायला नको."

"आणि मत कशाला टाकणार?"

"हो-ला, अर्थात. वाउटरशी बोलणं झालंय माझं." वाउटर म्हणजे हो-वाल्यांचा पुढारी, गावच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. "कसिनोच्या मागे मोठा हॉल बांधतायत. गणपतीला आपल्याला फुकट. मी शब्द दिलाय त्याला, की मराठी मतं एकगठ्ठा तुमची."

"माझ्या मताचा शब्द तुम्ही दिलात?"

"अहो वहिनी, समाजाचं बघावं लागतं. आपण विखुरलो तर इथं आपल्याला कोण विचारतो?"

"हे रान जाणार त्यात, अंबरीश. हेच, तुम्ही उभे आहात ते."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. टनेल, पाण्याच्या टाक्या, तण काढून ठेवलेला ढीग. "हे होय? तुमचा छंद छानच आहे, वहिनी. पण मेथी काय, कुंडीतसुद्धा येते." मग जाताजाता म्हणाला, "राजानंदनी तर कालच दिला स्वतःचा."

माझ्या हातातलं ढेकूळ हातातच राहिलं.

संध्याकाळी राजानंद आला, हातपाय धुऊन ताटावर बसला. भाकरी वाढली आणि म्हटलं, "अहो, मत दिलंत त्याला?"

त्यानं मान वर केली नाही. "ऑफिसात जेवताना सगळ्यांसमोर पास मागितला त्यानं. सगळ्यांनी बॅगेतून काढून दिले. मी एकट्यानंच नाही म्हणायचं?"

"हो! एकट्यानंच म्हणायचं!"

"सुमती, पुढचं प्रोजेक्ट कुणाला द्यायचं ते त्याच्या हातात आहे."

"आणि माझं रान तुमच्या हातात होतं. ते देऊन टाकलंत, वरणभात खाता खाता."

"तुझं एक मत आहे ना अजून."

असा संताप आला मला! पण त्याचे पडलेले खांदे पाहिले आणि दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली. हाच माणूस हिवाळ्यात माझ्यासाठी टनेलच्या कमानी वाकवत बसला होता, बोटं सोलून निघेपर्यंत. ऑफिसात मात्र तो श्वासही विचारून घेतो.

आमची लेक समता समोर बसून ऐकत होती. पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, बोलते मात्र तिचं तिचं. "बाबा, दॅट्स इल्लीगल," ती म्हणाली. "शाळेत शिकवलंय आम्हाला. तुम्ही स्वतःहून कुणाला पास दिला तर ओके. पण लोकांकडे मागत फिरणं इज अ क्राइम. पोलीस केस होते."

राजानंदचा घास हातात राहिला. "त्याला माहीत नसणार," तो म्हणाला.

"नसेलच," मी म्हणाले. "त्याला वाटतं मतं म्हणजे त्याच्या घरची भांडी. माझ्या आईला बागायतदार मतदानाला ट्रॉलीत घालून न्यायचा. शंभरदा बजावायचा, ह्यावर शिक्का मार. ती आत जायची, स्वतःला हवं तिथं मारायची आणि बाहेर येऊन त्याचाच चहा प्यायची. तिला अक्षर येत नव्हतं, अहो. तुम्ही इंजिनीअर."

तो उठला, ताट धुतलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

दोन दिवसांनी नको-वाली हानेके आली. चर्चमध्ये गाणं शिकवते, बाई तोंडानं गोड. सोबत फोटोवाला. तिला पत्रकावर माझा फोटो हवा होता, कसिनोखाली जाणाऱ्या शेतात उभी असलेली मी. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? कुणीतरी बाजूनं आलं असं वाटलं.

"तुमचे ते सुंदर रंगीत कपडे नाहीत का?" तिनं विचारलं. "साडी?"

"हेच माझे कपडे," मी म्हणाले. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, राजानंदची जुनी पँट, डोक्याला फडकं. मेथीच्या जुड्या बांधत होते, नखांत हिरवं भरलं होतं. फोटोवाल्यानं पुष्कळ फोटो काढले. हानेकेनं माझा हात दाबला आणि सायकलवरून गेली.

पत्रक आलं तेव्हा समतानं ते दारातच वाचलं आणि माझ्याकडे द्यायला कचरायला लागली. मी ओढून घेतलं. त्यावर माझे दोन हात होते आणि हातात मेथी. वर मनगटापाशी फोटो कापलेला.

"खाली काय लिहिलंय?"

"आमचं गाव आमचंच राहू दे," समता म्हणाली. "अँड देन... कसिनो आला की परके लोक येतील. परके लोक नकोत."

मी हसले. हसू नाही तर काय करू? हात चालले ह्यांना, तोंड चालेना. ते पत्रक मी चुलीत घातलं असतं, पण इथं चूल कुठली, रद्दीच्या निळ्या डब्यात टाकलं.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी गावच्या क्रीडागृहात दोन्ही बाजूंची सभा होती. दुपारभर पावसाची भुरभुर होती, सगळं गाव ओल्या जाकिटांनिशी आत कोंबलेलं. डावीकडे हिरव्या पट्ट्या बांधलेले, उजवीकडे नारिंगी. मध्ये वाट सोडलेली. आम्ही तिघं मागे बसलो. पुढच्या रांगेत अंबरीश, मांडीवर लॅपटॉपची बॅग, शेजारी मंडळाची कमिटी. वृंदा आणि तिचा नवरासुद्धा होते. वृंदा माझी जुनी गिऱ्हाईक, दर आठवड्याला अंबाडी नेते.

वाउटर बोलला, हानेके बोलली, मग दोघं एकदमच बोलायला लागले. हिरव्यातला एक जण ओरडला, "तुमची मुलं नोकरीला कुठं जातात? शहरात! मग गाव कुणासाठी जपताय?" नारिंगीतली एक म्हातारी काठी आपटत उभी राहिली, तिचा भाऊ म्हणे जुगारात घर घालवून बसला होता. कुणी कुणाचं ऐकेना. एका माणसानं दुसऱ्याची पाटी हिसकावून मोडली, लोकांनी दोघांना धरलं.

तेवढ्यात वाउटरनं माइक जवळ घेतला. "परक्यांची भीती घालता तुम्ही लोकांना. आणि आमचे भारतीय शेजारी बघा. सगळेच्या सगळे आमच्यासोबत आहेत!" त्यानं अंबरीशकडे हात केला. अंबरीश उठला आणि त्यानं वळून सभेला हात हलवला, निवडून आल्यासारखा.

मला डच तोडकंमोडकं येतं, पण एवढं कळलं. मी उठले. राजानंदनं माझी बाही धरली. मी ती सोडवली आणि मधल्या वाटेनं सरळ चालत गेले. बूट शेतातलेच होते, लाकडी फरशीवर मातीचे शिक्के उमटत गेले. अंबरीशसमोर जाऊन हात पुढे केला.

"ह्यांचा पास द्या परत," मी मराठीत म्हणाले.

"वहिनी, आत्ता नको. बसा. घरचं घरी बोलू."

"घरी नाही. तुम्ही आमचा सौदा गावासमोर केलात, मी गावासमोर मागतेय."

तो आजूबाजूच्या डच लोकांकडे बघून हसला, जणू काही किरकोळ चाललंय. मग हळू आवाजात म्हणाला, "राजानंदच्या दृष्टीनं हे बरं दिसत नाही. समजतंय ना तुम्हाला?"

"माझा पास द्या, अंबरीश," मागून आवाज आला.

राजानंद होता. कान लाल झाले होते, आवाज कापत होता, पण बोलला. वाटेच्या मधोमध उभा राहून बोलला. माझे डोळे भरून आले, पण तेव्हा रडायला वेळ नव्हता.

"तूसुद्धा?" अंबरीश म्हणाला. "अरे, मी काय माझ्यासाठी करतोय का? मंडळासाठी करतोय! दर वर्षी हॉलसाठी ह्यांच्या पाया पडतो मी, तुमच्यासाठी!"

ते खरं होतं. हॉलसाठी वणवण तोच करायचा, ढोलही स्वतःच्या गाडीतून आणायचा. पण माझा हात पुढेच होता.

"ऐका," मी म्हणाले. "पास मागत फिरणं इथं गुन्हा आहे. पोलीस केस. मी मराठीत बोलतेय तोवर हे आपल्यात आहे. पुढचं वाक्य डचमध्ये बोलू का?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला खरंच माहीत नव्हतं. आपल्याकडं कार्यकर्ता जसा वस्तीतून फिरतो तसा तो फिरला होता, उजळ माथ्यानं. त्यानं बॅगेची चेन उघडली. आत पास रबरबँड लावून ठेवलेले. राजानंदचा त्यातून काढून त्यानं दिला.

"माझा आणि ह्यांचापण द्या," वृंदा उठून म्हणाली. तिच्या मागे आणखी एक उठली. मग रांगच लागली. अंबरीश मान खाली घालून एकेक नाव वाचत होता आणि देत होता. अख्खं क्रीडागृह बघत होतं, हिरवे आणि नारिंगी दोन्ही.

"काय चाललंय?" वाउटरनं माइकवरून विचारलं.

मी वळले. जमेल तशा डचमध्ये म्हणाले, "काही नाही, वाउटर. तुम्हाला सगळे भारतीय एकदम मिळाले होते. आता ते एकेक येतील. मत हवं असेल तर प्रत्येकाच्या दारात जा आणि विचारा."

उजवीकडून टाळ्या पडल्या. हानेके तर उभी राहूनच वाजवायला लागली.

"टाळ्या नकोत!" मी ओरडले. "तुमच्या कागदावर माझे हात आहेत, माझं तोंड नाही. परके नकोत म्हणता? मीच परकी आहे. मी नको म्हणणार, ते माझ्या जमिनीसाठी. तुमच्या पाटीसाठी नाही."

टाळ्या थांबल्या. हानेके खाली बसली. आम्ही तिघं पावसात सायकली काढून घरी आलो. वाटेत समता माझ्या शेजारून चालवत होती. ती म्हणाली, "आई, तुझं डच टेरिबल आहे," आणि मग हसतच सुटली.

मतदानाला मी आणि राजानंद बरोबर गेलो. लाल पेन्सिलीनं आपला गोल भरायचा, बस. बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं, नको भरला म्हणून. मी विचारलं नव्हतं. दारात वृंदा भेटली. तिनं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "सुमती, मी हो दिलं गं. मुलांना तलाव हवाय. तुझ्यापासून लपवणार नाही."

मला लागलं. काळजातच लागलं. "तुझं मत आहे, वृंदा," मी म्हणाले. "शनिवारपर्यंत अंबरीशच्या बॅगेत होतं."

आणि हो जिंकलं. थोडक्यात, पण जिंकलं.

योप सकाळी आला, टोपी हातात घेऊन. पालथ्या क्रेटवर बसला. एक ढेकूळ उचलून हातात मळत राहिला. "मी विकतोय, सुमती," शेवटी म्हणाला. "पण करारात अट घालून ठेवलीय. ऑक्टोबरअखेरपर्यंत हा पट्टा तुझा."

तो गेल्यावर मी रडले. भर रानात बसून मोठ्यानं रडले, वरून विमानं जात होती, कुणाला ऐकू जाणार होतं? पोटभर रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि गवारीचं बी काढलं. राजानंदनं विचारलं, आता कशाला लावतेस. मी म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत दोनदा निघते गवार. शनिवार-रविवार तो रानात यायला लागला. ऑफिसात अंबरीश त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा, नवं प्रोजेक्ट दुसऱ्याला गेलं. मंडळातल्या काही बायकांनी भाजी बंद केली, काहींनी वाढवली. वृंदा येतच राहिली.

जुलैत ऊन पडलं तसे कंपनीचे लोक मोजणीला आले. दोघं, पिवळी जाकिटं, खांद्यावर लाकडी खुंट्यांचा भारा. रस्त्याच्या कडेनं खुंट्या ठोकत ठोकत आले आणि गवारीच्या ओळीपाशी थांबले. गवार कमरेएवढी झाली होती, फुलं धरली होती. त्यातला मोठा ओळीत पाय टाकणार एवढ्यात मी आडवी गेले.

"इथं नाही."

"मेव्राउ, जमीन कंपनीची आहे," तो म्हणाला. इथं बाईमाणसाला मेव्राउ म्हणतात. वाईट माणूस नव्हता, घामानं निथळत होता.

"ऑक्टोबरनंतर."

"फक्त एक खुंटी आहे. हा कोपरा मोजल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही."

"मग राहू दे अर्धा."

तो माझ्या मागे बघायला लागला. राजानंद पलीकडच्या ओळीतून खुरपणी सोडून आला होता, पायांना घोट्याच्या वर माती, शर्ट पाठीला चिकटलेला. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हलला नाही.

दोघा मोजणीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्यानं खुंट्यांचा भारा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"ऑफिसला काय कळवू मी?" मोठ्यानं विचारलं.

"कळव," मी म्हणाले, "की पीक उभं आहे."